सोलो अल्बम, सात माणसे आणि अडीच वर्षे : काम नेमके कुठे अडते आहे?

कृष्णाकाठची (विश्रामबाग, सांगली)

नमस्कार. मी गेली वीस वर्षे सांगलीत गाणे शिकवते. २०२२ च्या दसऱ्याला मी स्वतःच्या आठ रचनांचा अल्बम ध्वनिमुद्रित करायला घेतला. पाच गीतांचे शब्द माझे आहेत, तीन गीतांचे शब्द तासगावच्या एका कविमित्राचे आहेत, चाली सगळ्या माझ्या आहेत आणि मुखपृष्ठावर नाव माझे एकटीचे येणार आहे. प्रत्यक्षात या ‘सोलो’ कामात आम्ही सात जण आहोत : मी, कवी, मिरजेचे तबलावादक, साताऱ्याचे पेटीवादक, पुण्याचे बासरीवादक, कोल्हापूरचे संगीत संयोजक आणि ज्यांच्या लहानशा स्टुडिओत हे सगळे गोळा होते ते ध्वनिमुद्रक.

आमची पद्धत अशी आहे की आधी मी घरी स्क्रॅच आवाज, म्हणजे वादकांना आधारापुरता कच्चा आवाज, गाऊन ठेवते. आमच्या रस्त्यावरून गाळप हंगामात, म्हणजे दिवाळीनंतर थेट मार्चपर्यंत, उसाचे ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून जातात, त्यामुळे हे काम रात्री एक वाजल्यानंतरच होते, आणि शेजारच्या खोलीत मुलगा झोपलेला असतो म्हणून मी ते अर्ध्या आवाजात गाते. त्यावर संयोजक संगणकावर सांगाडा तयार करतात, मग तबला, मग एखाद्या रविवारी साताऱ्याहून पेटी, आणि बासरी मेलने येते. शेवटी मी स्टुडिओत जाऊन खरा आवाज गायचा, असे ठरलेले आहे.

आजची स्थिती अशी आहे की तीन गाण्यांचे फक्त मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज जुळवून एकत्र करणे, उरले आहे, पण ती ऐकताना मला आनंद होत नाही. दोन गाण्यांचा तबला तीन-तीनदा वाजवून झाला आहे. एका गाण्यात पेटी आणि बासरी वेगवेगळी ऐकली तर दोन्ही सुंदर आहेत आणि एकत्र लावली की कानाला खटकतात. उरलेली दोन अजून स्क्रॅचवरच आहेत. कोणीही कामचुकार नाही, सगळे आपापला वेळ काढून येतात, तरीही हे भिजत घोंगडे झाले आहे आणि प्रत्येकाचे मत वेगळे असल्यामुळे बारभाई कारभारही झाला आहे.

मला विचारायचे आहे ते असे की कामाचा क्रम बदलायला हवा का, आणि एखाद्या ज्येष्ठ वादकाला ‘हे पुन्हा वाजवा’ असे सांगताना नेमके काय सांगायचे? त्याहून अवघड गोष्ट अशी की २०२२ मध्ये मी ही गाणी जशी गात होते तशी आता गात नाही. मग खरा आवाज सर्वांच्या आधी गायचा की नंतर?

———

आठ_माईक (मिरज)

ताई, मी कॅसेटच्या काळापासून ध्वनिमुद्रण करतो आहे. आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आपल्याच एका वाक्यात आहे आणि ते वाक्य अर्ध्या आवाजाचे आहे. स्क्रॅच आवाज शेवटी पुसला जातो म्हणून आपण सगळे त्याला कच्चे काम समजतो, पण प्रत्येक वादक त्या आवाजाला उत्तर देत असतो. आपण दबक्या आवाजात, शब्द पुसट ठेवून आणि श्वास चोरून गायलात, म्हणून तबला दबून वाजला असणार, पेटी मागे राहिली असणार आणि संयोजकांनी रिकामी वाटणारी जागा भरायला अधिक वाद्ये घातली असणार. नंतर आपण मोकळ्या गळ्याने गाल, तेव्हा आपल्याभोवती असलेले सगळे संगीत दुसऱ्याच एका बाईसाठी वाजवलेले असेल. तीन गाणी पूर्ण होऊनही आनंद देत नाहीत, त्याचे कारण मला तरी हेच दिसते.

क्रम बदलण्याची गरज नाही, मात्र पहिली पायरी पक्की करायला हवी. स्टुडिओत अर्धा दिवस घेऊन आठही गाणी पूर्ण आवाजात, शब्दांच्या खऱ्या फेकीसह गाऊन ठेवा. त्याच दिवशी प्रत्येक गाण्याची पट्टी, लय आणि आराखडा लिहून काढा : सुरुवातीच्या संगीताची आवर्तने किती, ध्रुवपद किती वेळा, अंतऱ्यानंतरची जागा कोणाची, शेवट कसा. हा कागद सहाही जणांकडे गेला पाहिजे. तीन-तीनदा तबला वाजवावा लागतो तो बहुधा वादकाच्या चुकीमुळे नव्हे, तर मधल्या काळात लय दोन-चार मात्रांनी बदललेली असते किंवा एक अंतरा कमी झालेला असतो म्हणून.

पेटी आणि बासरीचे दुखणे वेगळे आहे आणि ते मोजता येते. पेटीचे सूर धातूच्या पट्ट्यांचे असल्याने ऐन वेळी हलवता येत नाहीत, आणि जुन्या पेट्या पुष्कळदा सूर जुळवण्याच्या ४४० हर्ट्झच्या मानकापेक्षा थोड्या चढ्या किंवा उतरत्या असतात. पुण्याच्या बासरीवादकांनी घरी ॲपवरचा तानपुरा लावला असेल, तर तो बरोबर ४४० वर असतो. दोन अर्धस्वरांमधल्या अंतराचे १०० सेंट मानले, तर दहा-बारा सेंटचा फरक एकट्या वाद्यात जाणवतही नाही, पण दोन वाद्ये एकच स्वर लांबवू लागली की तो लाटांसारखा घुमतो. यावर उपाय एवढाच की जे वाद्य हलवता येत नाही त्यावरून इतरांनी जुळवायचे. पेटीचा षड्ज आधी ध्वनिमुद्रित करा, तो ट्यूनरवर मोजा आणि तोच बासरीवादकांना पाठवा. चांगला वादक फुंकरीने एवढा फरक सहज सांभाळतो, फक्त त्याला तो ऐकू यायला हवा.

फाइलींबाबतही एक गोष्ट पक्की करा. सर्वांनी २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर, गाण्याच्या शून्य सेकंदापासून शेवटपर्यंत सलग फाइल पाठवायची, आपला तुकडा तेवढा कापून पाठवायचा नाही. ४४.१ वर मुद्रित झालेली फाइल कोणी रूपांतर न करता ४८ च्या गतीने वाजवली, तर ती वेगाने तर पळतेच, शिवाय जवळजवळ दीड अर्धस्वर वर चढते. एका बासरीच्या फाइलीवर मी एकदा दोन दिवस घालवले आहेत, तेव्हा हे अनुभवाचे बोल समजा.

आणि कृपा करून सगळ्या कामाची दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा. २०१९ च्या महापुरात गावभागात काय झाले ते सांगलीकरांना मी सांगायला नको.

———

धा_तिरकिट (मिरज)

वरचे तांत्रिक म्हणणे मला मान्य आहे, पण तबल्याच्या बाजूनेही कोणीतरी बोलले पाहिजे.

आम्हाला स्टुडिओत बोलावतात, कानात हेडफोन देतात, त्यात एका बाजूला लय दाखवणारी क्लिक टकटकत असते आणि दुसऱ्या बाजूला गायिका कुजबुजत असते. आम्ही क्लिक सांभाळतो, कारण चूक दाखवली जाते ती क्लिकवरून. मग महिन्याभराने फोन येतो की वाजवणे छान आहे, पण ‘जिवंत वाटत नाही’. ताई, ‘जिवंत वाटत नाही’ या सूचनेवर हाताने काय करायचे ते मला चाळीस वर्षांनंतरही कळलेले नाही. ‘दुसऱ्या अंतऱ्यात मी समेच्या किंचित मागे शब्द ठेवते, तिथे ठेका भरू नका’ असे सांगितले तर ते एका फेरीत होते. आपल्याला काय खटकते ते सापडेपर्यंत फोन करू नका, आणि सापडले की न संकोचता करा. ज्येष्ठ वादकाला पुन्हा वाजवण्याचे वाईट वाटत नाही, वाईट वाटते ते कशासाठी वाजवायचे हे न कळण्याचे. शिवाय तिसऱ्या वेळेचे मानधनही द्या, कारण ‘ओळखीचे आहेत’ या शब्दावर मिरजेहून सांगलीपर्यंतच्या खेपा फार काळ चालत नाहीत.

आता माझे खरे म्हणणे. ज्या मिरजेत खाँसाहेब अब्दुल करीम खाँ राहिले, तिथे बसून मी हे लिहितो आहे. त्यांच्या काळातली ७८ गतीची तबकडी एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे चालत असे आणि तेवढ्या वेळात गायक, तबला, पेटी, तंबोरा सगळे एका खोलीत एकाच दमात वाजवत असत. पंचिंग (चुकलेला तुकडा तेवढाच पुन्हा घेणे) नाही, डबिंग (एकेकट्याने वेगवेगळे वाजवून जोडणे) नाही, चुकले तर सगळ्यांनी पहिल्यापासून. तेव्हाचे सगळे चांगले आणि आताचे सगळे वाईट असे मी म्हणत नाही, त्या तबकड्यांतला तबला कित्येकदा डब्यात वाजल्यासारखा येतो. परंतु गायकाने श्वास घेतला की ठेका त्या श्वासाएवढा थांबतो, हे तिथे ऐकू येते, आणि ते एकेकट्याने डबिंग करून मिळत नाही. आपल्या आठांतली निदान तीन-चार गाणी, ज्यांत लय शब्दांबरोबर हलते, ती एका खोलीत बसून करा. क्लिक नको.

ऋतूकडेही लक्ष द्या. पावसाळ्यात पुडी (तबल्याचे कातडे) ओल धरते आणि तबला उतरतो. जुलैत वाजवलेला तुकडा एप्रिलमध्ये दुरुस्त करायला घेतला, तर स्वर जुळला तरी नाद जुळत नाही. दुरुस्ती त्याच आठवड्यात करा, नाहीतर पूर्ण गाणे पुन्हा वाजवून घ्या.

———

कृष्णाकाठची

आपणा दोघांचेही मनापासून आभार. तबल्याविषयी लिहिलेले वाचताना मी थोडी ओशाळले, कारण ‘जिवंत वाटत नाही’ हे शब्द मी आमच्या तबलावादकांना अक्षरशः वापरले होते. (ते आपणच नसाल, अशी आशा करते.)

एका खोलीत बसण्याची अडचण अशी आहे की पेटीवादक साताऱ्यात शाळेत शिक्षक आहेत आणि त्यांना रविवारच मिळतो, शिवाय आमच्या ध्वनिमुद्रकांची खोली इतकी लहान आहे की तबला आणि मी एकत्र बसलो तर माझ्या माईकमध्ये तबलाच अधिक येतो. एका माईकमधले दुसऱ्यात उतरले, की नंतर एकट्या आवाजाची दुरुस्ती होत नाही असे ते म्हणतात, आणि त्यांचे चुकते असे मला वाटत नाही. दुसरे असे की पेटीबरोबर गाताना माझा गंधार मला स्वतःलाच परका वाटतो. माझी पट्टी पांढरी पाच आहे, म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी हा माझा षड्ज, आणि घरी तंबोऱ्यावर गाते तेव्हा हा त्रास होत नाही.

———

जवारी (मिरज)

आमच्या घरी तंबोरे बनतात, म्हणून गंधारापुरते लिहितो.

तंबोरा नीट लागला आणि जवारी, म्हणजे तारांखालच्या घोडीचा घासलेला माथा, उघडी असली की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. तो कोणी छेडत नाही, तो त्या तारेच्या नादातच असतो. हा स्वयंभू गंधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर असतो, तर बारा समान भागांत वाटलेल्या पेटीचा गंधार ४०० वर असतो. म्हणजे पेटी आपल्याला १४ सेंट वर ओढते आणि आपला कान खाली बसू पाहतो. आपले काही चुकत नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत टिकली, तिच्यामागेही हीच जुनी तक्रार होती. पेटी टाकून द्या असे मी म्हणणार नाही, आमच्याकडच्या भावगीताला पेटीशिवाय घर नाही. पण पेटीवादकांना सांगा की आपण गंधारावर थांबता तिथे त्यांनी तो स्वर धरून ठेवू नये, षड्ज-पंचम द्यावा किंवा हात उचलावा. गांधार ट्यूनिंगची, म्हणजे अशा नैसर्गिक स्वरांना लावलेली, पेटी मिळाली तर उत्तमच, मात्र ती एका विशिष्ट पट्टीसाठीच लावलेली असते, तेव्हा पांढरी पाचची आहे ना, हे आधी विचारा.

आणि ॲपऐवजी खरा तंबोरा मुद्रित करा. पेटीच्या मोजलेल्या षड्जाला तो जुळवून दहा मिनिटे सलग छेडा आणि तोच नाद सर्वांना पाठवा. पुण्यात वाजवणारा आणि साताऱ्यात वाजवणारा निदान एकाच तंबोऱ्यासमोर बसल्यासारखे होतील. पंढरपूरकडचा भोपळा, त्यावर चढवलेले लाकूड आणि तार आणि जवारी यांच्यामध्ये सरकवलेला सुताचा धागा, एवढ्यातून जे होते ते नमुना घेऊन पुन:पुन्हा वाजवणाऱ्या ॲपमधून होत नाही, कारण प्रत्येक छेड थोडी वेगळी असते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा आनंद आहेच, पण त्याहून अधिक आनंद एखाद्या अल्बममध्ये ॲपऐवजी आमचा तंबोरा ऐकताना होईल, हे कबूल करतो.

———

आठ_माईक

लीकेजची, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये उतरण्याची, भीती रास्त आहे, पण लहान खोलीतही वाट निघते. ताई आणि तबला यांच्यात शक्य तेवढे अंतर ठेवा, माईकची पाठ तबल्याकडे करा, कोपऱ्यात आणि तबल्यामागे जाड गोधड्या व घोंगडी टांगा आणि पेटी शेजारच्या खोलीत बसवून दार किंचित उघडे ठेवा, म्हणजे नजरानजर राहील. तरीही थोडे उतरेलच. मग त्याची किंमत अशी की एकट्या आवाजाची दुरुस्ती करता येणार नाही, पूर्ण टेक पुन्हा घ्यावा लागेल किंवा दोन टेकांतून संपूर्ण कडवी उचलून जोडावी लागतील. ज्या गाण्याची पंधरा दिवस एकत्र तालीम झाली आहे तेच असे घ्या. ज्याचा अंतरा अजून बदलतो आहे त्याच्यासाठी डबिंगच बरे.

खरा आवाज आधी की नंतर, हे राहून गेले. माझे मत असे आहे की तबला-पेटी झाल्यावर आणि बासरी व इतर सजावटीच्या आधी गावा. तसे केले की बासरी आपल्या खऱ्या जागांना उत्तर देते आणि संयोजकांनाही कळते की कुठे काहीच नको आहे.

———

कागदोपत्री (सातारा)

संगीतातले मला कळत नाही, पण सात माणसे आणि एक नाव असे वाचले म्हणून लिहितो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनंतर वादकालाही आपल्या वादनाचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा नैतिक हक्क आहे आणि वादकाचा, गायकाचा सादरीकरणाचा हक्क ५० वर्षे टिकतो. तेव्हा मुखपृष्ठावर आपले नाव असले तरी प्रत्येक गाण्यापुढे कोणी काय वाजवले ते लिहा, आणि मानधन किती, पुढच्या उत्पन्नात वाटा आहे की नाही, हे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. कविमित्राशी हे सर्वांत आधी करा, कारण शब्दांवरचा हक्क त्यांच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो, आणि मैत्री असली की हा कागद नेमका राहून जातो. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षरांचा आयएसआरसी क्रमांक लागेल, त्याच्या नोंदीत नावांचे शुद्धलेखन एकदाच नीट तपासा.

———

अर्धाच_अल्बम (कराड)

मी याच वाटेने सहा वर्षे गेलो आणि नऊ गाण्यांपैकी चार प्रसिद्ध करून थांबलो. माझ्या उरलेल्या पाच गाण्यांचे काय झाले, तर दर वर्षी माझी आवड बदलली आणि मी दर वर्षी जुने काम नव्या आवडीने दुरुस्त करत बसलो. ताईंनी लिहिले आहे की त्या आता ती गाणी तशी गात नाहीत. दोन वर्षांनी आताचीही तशी गाणार नाहीत. जी तीन गाणी मिक्सिंगपर्यंत आली आहेत त्यांत एखादे असे असेल की त्यात २०२२ चा आवाजच शोभतो, तर ते तसेच राहू द्या.

———

कृष्णाकाठची

काल संयोजक आणि आमच्या ध्वनिमुद्रकांबरोबर दोन तास बसले आणि आठही गाणी पुन्हा ऐकली. कराडच्या दादांनी म्हटल्याप्रमाणे तिनांतले एक गाणे, अंगाईच्या चालीचे, खरोखरच अर्ध्या आवाजातच बरे आहे. त्याचा रात्री एकचा स्क्रॅच आवाजच आम्ही ठेवतो आहोत, मागे अगदी पुसटसा ट्रॅक्टर आहे तोसुद्धा. बाकीच्या दोन्ही गाण्यांत मी आवाज नव्याने गाणार आहे आणि त्या आवाजावर तबला पुन्हा होईल, या वेळी ठरलेल्या मानधनासह. या दोन गाण्यांपुरता आठ_माईक यांनी सांगितलेला क्रम उलटा होतो आहे, पण दबलेल्या तबल्यावर मोकळे गाणे बसत नाही, हे ऐकताना तिघांनाही पटले.

ज्या दोन गाण्यांचा तबला तीनदा झाला होता ती आणि स्क्रॅचवर असलेल्यांपैकी एक, अशी तीन गाणी एका खोलीत करायची ठरली आहेत. पेटीवादक एप्रिलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी साताऱ्याहून रेल्वेने मिरजेला येतील. पहिला रविवार फक्त तालमीचा असेल, माईक लावायचाच नाही. तोपर्यंत गाळप संपलेले असेल आणि हवा कोरडी असेल. लग्नसराईतल्या वरातींचे मात्र काही करता येणार नाही. बासरीवादकांना पेटीचा षड्ज पाठवला, तो ११ सेंट चढा निघाला. त्यांचे उत्तर आले की ‘हे दीड वर्षापूर्वी कळले असते तर मी दुसरी बासरी उचलली असती’. ते बिचारे रागावलेले नाहीत, पुन्हा वाजवणार आहेत.

उरलेल्या गाण्याचा दुसरा अंतरा मला अजून सुचलेला नाही. ते बाजूला ठेवले आहे, अल्बम सात गाण्यांचा झाला तरी चालेल.

जवारी, आपल्याकडे पांढरी पाचला लागणारा तंबोरा दोन रविवारांसाठी भाड्याने मिळू शकेल का? मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

———

जवारी

भाडे नको. शनिवारी संध्याकाळी या, तारा नव्या चढवून ठेवतो. त्या रात्रभरात उतरतील, म्हणून रविवारी सकाळी जुळवायला मीही येईन.